‘नेहमीचेच आहे’ म्हणण्यापूर्वी

(आरोग्यविषयक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आरोग्यविषयक व्याख्यानमालेत एका पत्रकाराला बोलावण्यात आले, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटले असेल. ते मलाही वाटले. मी वैद्य नव्हे, विज्ञानाचा विद्यार्थीही नव्हे. कला शाखेची पदवी घेतली आणि उभे आयुष्य बातम्या लिहिण्यात गेले. संयोजकांना मी तसे स्पष्ट सांगितले. त्यावर ते म्हणाले, “औषधोपचार सांगायला डॉक्टरमंडळी आहेतच. तुम्ही तुमच्या घरात जे पाहिले, ते सांगा.” या एका वाक्याने माझा नाइलाज झाला. आज जे सांगणार आहे, त्यात माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुलीही आहे. ती द्यायला मला बरीच वर्षे लागली.

विषय आहे आजारी मुलाच्या वेदनेचा. निरोगी मुलाला अचानक काही दुखू लागले की घर हादरते आणि धावाधाव होते. परंतु जे मूल जन्मापासूनच एखादा आजार सोबत घेऊन आलेले असते, त्याच्या दुखण्याची घराला सवय होते. ते कण्हू लागले की घरातले कोणीतरी म्हणते, “त्याचे नेहमीचेच आहे.” या तीन शब्दांनी काय घडू शकते, ते मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

विळ्याच्या आकाराची पेशी

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे. विदर्भात हा शब्द नवा नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर येथे, तसेच तिकडे नंदुरबारच्या सातपुड्यात हा आजार गावोगाव आढळतो. तरीही त्याचे स्वरूप थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात. त्यांतील हिमोग्लोबिन हे प्रथिन प्राणवायू वाहून नेते. सिकलसेलच्या रुग्णात या प्रथिनाच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. बदल म्हणावा तर एवढाच. मात्र त्यामुळे प्राणवायू कमी होताच हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटतात आणि पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्त कमी राहते आणि डोळे पिवळसर दिसतात. त्याहून वाईट म्हणजे या ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तेथे असह्य कळ उठते. थंडी, ताप, पाणी कमी पडणे, अतिश्रम यांपैकी काहीही निमित्त पुरते.

शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये त्याची नोंद झाली आणि त्यानंतर काही वर्षांतच मध्य भारतातूनही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी अपत्याला हा आजार होण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. वाहक स्वतः रुग्ण नसतो, हे येथे आवर्जून सांगतो. वाहकांना घातक हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. ज्या जंगलपट्ट्यांत हिवतापाचा कहर होता, तेथेच हा गुणधर्म का टिकला, त्याचे कारण यात आहे. त्यात कुणाच्या कुळाला कमीपणा नाही.

माझ्या भाच्याला दहाव्या महिन्यात दोन्ही हातांच्या बोटांना सूज आली. झोळीतून पडला असेल, असे सर्वांना वाटले. पुढे तिसऱ्या वर्षी नागपूरला रक्ताची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी झाली आणि निदान कळले. तान्ह्या मुलाच्या हातापायांची अशी सूज ही बहुधा या आजाराची पहिली खूण असते, हे आम्हाला तेव्हा समजले. त्यानंतर बहिणीने आणि मेहुण्यांनी त्याला तळहातावरच्या फोडासारखे जपले. पाण्याची बाटली, स्वेटर, लसी, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, पुढे हायड्रॉक्सियुरिया, यांत त्यांनी कसूर केली नाही. वर्षातून तीन-चार वेळा कळ यायची. चार-पाच दिवस घर जागे राहायचे, कधी रुग्णालयात न्यावे लागायचे, मग ती ओसरायची. घर त्या चक्राला सरावले होते.

सात महिने

२०१७ सालची दिवाळी झाली आणि मुलाचा उजवा गुडघा दुखू लागला. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. गुडघ्याला सूज नव्हती, अंगात ताप नव्हता. नेहमीच्या दवाखान्यात नेले. “सिकलचेच दुखणे आहे,” असे सांगून वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. जानेवारीत गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवले, तेथेही तेच उत्तर मिळाले. शाळेत तो कवायतीच्या तासाला बसून राहू लागला. शिक्षकांनी एकदा बहिणीला निरोप पाठवला की मुलगा आजाराचा फायदा घेतो आहे.

आता कबुलीकडे येतो. फेब्रुवारीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. एरवी मामा आला की धावत येणारा पोरगा खाटेवरून उठला नाही. मी म्हणालो, “परीक्षा जवळ आली की बरा तुझा गुडघा दुखतो!” सगळे हसले. तोही ओशाळे हसला आणि त्याने पाय पांघरुणात ओढून घेतला. मी त्याला धीराने वागण्याविषयी चार शब्द सुनावले, थोरामोठ्यांचे दाखले दिले आणि आपण एक सत्कृत्य केले अशा समाधानात परतलो. त्या दिवसानंतर माझ्यासमोर त्याने पायाची तक्रार केली नाही. त्याचे दुखणे थांबले नव्हते. त्याचे सांगणे थांबले होते.

माझ्या व्यवसायात नव्या मुलांना पहिला धडा देतात तो ककारांचा. कोण, काय, कुठे, केव्हा, कसे आणि का. ही उत्तरे हाती आल्याशिवाय बातमी लिहायची नाही. मथळा आधी ठरवून त्यात बसेल एवढीच माहिती गोळा करणारा वार्ताहर कधी ना कधी तोंडावर पडतो, हे मी कित्येकांना शिकवले आहे. आणि माझ्याच घरात मथळा आधीच तयार होता. ‘सिकल’ हा एक मथळा, ‘नाटक’ हा दुसरा. एक डॉक्टरांचा, दुसरा आमचा. दोन्हींमुळे मुलाला प्रश्न विचारण्याची गरजच कुणाला उरली नाही.

कॅलेंडरवरच्या खुणा

पहिली शंका घेतली ती बहिणीच्या सासूबाईंनी. त्यांना अक्षरओळख बेताचीच. ओसरीवर बसून त्या नातवाला येता-जाता पाहत असत. एके दिवशी त्या म्हणाल्या, “पोरगं लंगडून राह्यलं बाप्पा, अन् तुम्ही नुसतं गुडघ्याले तेल लावून राह्यले.” तोवर सर्वांचे लक्ष गुडघ्याकडे होते, चालीकडे कुणाचेच नव्हते.

त्या दिवसापासून बहिणीने कॅलेंडरवर नोंदी सुरू केल्या. दुधाचा आणि सिलिंडरचा हिशेब आपल्या घरोघरी ज्या चौकोनात लिहिला जातो, त्याच चौकोनात ती मुलाचे दुखणे लिहू लागली. सकाळी किती, शाळेतून आल्यावर किती, रात्री किती. झोपून कमी होते की नाही. ताप आला का. मागच्या महिन्यांचेही आठवून आठवून लिहून काढले. मुलाला ती शून्य ते दहा असे गुण द्यायला सांगे. कुणी शिकवले नव्हते, पण परीक्षेच्या गुणांची भाषा त्याला कळते, एवढे तिला कळत होते.

जून २०१८ मध्ये शाळा सुरू झाली आणि दुखणे वाढले. मेहुण्यांनी त्याला सरकारी रुग्णालयात नेले. तेथे बालरोग विभागात एक तरुण डॉक्टर होत्या. बाहेर रांग मोठी होती. त्यांनी आधी कॅलेंडरची पाने चाळली, मग आईवडिलांना बाजूला ठेवून थेट मुलाला विचारले, “बेटा, हे तुझं नेहमीचं दुखणं आहे का?”

तो म्हणाला, “नाही मॅडम. नेहमीचं दुखणं आलं की मला कळतं. हाडात आतून ठोके दिल्यासारखं वाटतं. ते येतं आणि जातं. हे जातच नाही. चाललं की दुखतं.”

बंधुभगिनींनो, हे उत्तर सात महिने त्या मुलाजवळ तयार होते. ते मागितले कुणीच नव्हते.

डॉक्टरांनी त्याला चालायला सांगितले. मग खाली मांडी घालून बसायला सांगितले. डावा पाय बसला, उजवा गुडघा वरच राहिला. मग त्याला उताणे झोपवून त्यांनी गुडघ्याऐवजी खुबा तपासला. उजवी मांडी आतल्या बाजूला वळवताच मुलगा कळवळला. एमआरआय झाल्यावर निदान निश्चित झाले. मांडीच्या हाडाचा जो गोल माथा खुब्याच्या वाटीत फिरतो, त्याचा रक्तपुरवठा तुटला होता आणि त्यातला काही भाग मृत होत चालला होता. वैद्यकीय भाषेत याला ‘ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस’ म्हणतात. सिकलसेलमध्ये ही गुंतागुंत चांगलीच परिचित आहे.

मग दुखत गुडघा का होता? खुब्याच्या सांध्याला संवेदना देणाऱ्या काही नसांच्या शाखा गुडघ्याकडेही जातात, त्यामुळे मेंदूचा ठिकाणाविषयी घोटाळा होतो. मुलाचा गुडघा दुखत असेल तर खुबा तपासावा, हा बालअस्थिरोगाचा जुना पाठ आहे. खुब्याचा एक्स-रेसुद्धा सुरुवातीच्या काळात स्वच्छ येऊ शकतो, तेव्हा एमआरआयच उपयोगी पडतो. आमच्याकडे तर खुब्याचा एक्स-रेही कुणी काढला नव्हता.

आजाराचे नाव एका अर्थी सर्वांनी बरोबरच सांगितले होते. दुखणे सिकलचेच होते. परंतु ‘सिकल’ हे उत्तर अपुरे होते. सिकलने कुठे, काय आणि कसे बिघडवले, हे विचारले असते तर पायावरचा भार वेळीच कमी करता आला असता.

एकाच आजाराची अनेक दुखणी

हा एका घरातला योगायोग नव्हे. सिकलसेलच्या मुलाचे दुखणे वरवर एकच दिसले तरी त्यामागची कारणे निरनिराळी असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा असतो. डॉक्टरांकडून समजून घेतलेले थोडे सांगतो.

छातीत दुखून ताप, खोकला, धाप असेल तर ती फुप्फुसाची गंभीर अवस्था असू शकते. तेथे घरी थांबायचे नाही. डाव्या बरगडीखाली पोट फुगले आणि मूल एकाएकी पांढरे फटक पडले, तर प्लीहेत रक्त साचत असण्याची शक्यता असते आणि काही तासांतही जीव धोक्यात येतो. उजव्या बरगडीखाली जेवणानंतर दुखत असेल तर पित्ताशयातले खडे शोधावे लागतात, कारण तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्याने लहान वयातही असे खडे होतात. एकाच हाडाला सूज, ऊब आणि ताप असेल तर हाडातला जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहावे लागते. तीव्र डोकेदुखी, बोलताना अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे ही पक्षाघाताची सूचना असते. किशोरवयीन मुलग्यांना कधी लिंगाला दीर्घकाळ ताठरता येऊन तीव्र वेदना होतात. ती मुले लाजेपोटी बोलत नाहीत, म्हणून बापाने किंवा मामाने याविषयी आधीच विश्वासाने बोलून ठेवायला हवे.

आणि नुसता ताप! या मुलांची प्लीहा बहुधा बालपणीच निकामी होते, त्यामुळे जंतूंशी लढण्याची शक्ती कमी असते. १०१ अंशांच्या वर ताप गेला तर दुखणे असो वा नसो, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुखऱ्या भागावर बर्फ ठेवू नये, थंडीने कळ वाढते. वेदनाशामक गोळ्याही आपल्या मनाने महिनोन्महिने देऊ नयेत, कारण या आजारात मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात.

भारतात आढळणारा सिकलसेल सौम्य असतो, अशी समजूत बराच काळ होती. काही भागांत ते खरेही आहे. परंतु नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासांतून विदर्भातील अनेक मुलांचा आजार तीव्र असल्याचे पुढे आले आहे. तेव्हा ‘आपल्याकडचा सौम्य असतो’ हाही एक तयार मथळाच समजावा.

बोलता न येणारी मुले

माझा भाचा निदान बोलू शकत होता. सेरेब्रल पाल्सी असलेल्या किंवा बौद्धिक विकास खुंटलेल्या कित्येक मुलांना वाणीच नसते. अशी मुले रात्ररात्र रडतात, स्वतःचा हात चावतात, डोके आपटतात. ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हणून आपण मोकळे होतो. शोध घेतला तर पुष्कळदा अगदी साधे कारण निघते. किडलेली दाढ, कानातला पू, आठवडाभर न झालेले शौच, छातीकडे उलटणारे आम्ल, मूत्रमार्गाचा दाह, पायातली घट्ट झालेली पट्टी किंवा हळूहळू निखळत चाललेला खुबा. अशा मुलांसाठी डॉक्टर आणि परिचारिका एक पद्धत वापरतात. मुलाचा चेहरा, पायांची हालचाल, अंगाची चुळबुळ, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. घरची आई हे सारे गुणांवाचून ओळखते. अनोळखी माणसापुढे तिचे म्हणणे टिकावे म्हणून ते कागदावर आणायचे, इतकेच.

लहानांच्या वेदनेवर मोठ्यांनी अविश्वास दाखवण्याची परंपरा फार जुनी आहे. गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील नामवंत रुग्णालयांतही नवजात अर्भकांवर अत्यल्प भुलीखाली शस्त्रक्रिया होत असत. इतक्या लहान जिवाला वेदना तेवढ्या जाणवत नाहीत, आणि पूर्ण भूल त्याला झेपणार नाही, असा समज होता. हा समज मोडून काढण्यात एका भारतीय डॉक्टरचा मोठा वाटा आहे. डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूरला झाले, तेथून ते ऑक्सफर्डला गेले. शस्त्रक्रियेहून परतणारी अर्भके इतकी का खालावतात, हा प्रश्न त्यांना पडला. नीट वेदनाशमन दिलेल्या अर्भकांच्या शरीरावर शस्त्रक्रियेचा ताण कमी पडतो आणि त्यांच्यात गुंतागुंतही कमी होते, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि जगभरची पद्धत बदलू लागली. अनेक जण रोज जे पाहत होते, त्याविषयी एका तरुण डॉक्टराने प्रश्न विचारला, एवढ्यापासून हे सुरू झाले.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. माणूस ‘दुखते’ म्हणत असेल तर त्याच्या सांगण्याचा आदर करावा आणि बोलता येत नाही म्हणून वेदना नाही असे मानू नये, हे त्यातील टिपणांत स्पष्ट नोंदवले आहे.

कारण सापडले नाही तर

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सर्व तपासण्या करूनही कधी कधी बोट ठेवावे असे कारण सापडत नाही. वर्षानुवर्षे कळा सोसलेल्या शरीराची मज्जासंस्थाच इतकी हळवी होते की मूळ कारण शमले तरी वेदना चालू राहते. अशा वेळी या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे, तेथून अंगारे-धुपाऱ्यांकडे, अशी वणवण मुलाला आणखी थकवते. तेव्हा हलका व्यायाम, पुरेशी झोप, शाळेशी न तुटलेला संबंध आणि एकाच डॉक्टरांची सातत्याची देखरेख यांचाच आधार असतो. मनावरचा ताण हेही कारण असू शकते. ते तपासाअंती निघावे, तपासाऐवजी पुढे करू नये. आणि तेव्हाही वेदना खरीच असते.

आपल्या हातात काय आहे?

या सभागृहात वस्त्यांवर, पाड्यांवर, वसतिगृहांत काम करणारी मंडळी आहेत, तसेच पुष्कळ आईबाप आणि आजी-आजोबा आहेत. आपण कुणीच निदान करायचे नाही. परंतु निदानाच्या वाटेवरचे चार खडे आपण नक्की उचलू शकतो.

पहिले, ‘हे तुझे नेहमीचे दुखणे आहे की वेगळे?’ हा प्रश्न मुलाला एकट्याला, मायेने विचारा आणि उत्तर मध्येच तोडू नका. दुसरे, नोंद ठेवा. कुठे, केव्हा, किती वेळ, कशाने वाढते, कशाने कमी होते, सोबत काय होते, हे लिहिलेले एक पान डॉक्टरांचा बराच वेळ वाचवते. तिसरे, मुलाला चालताना, बसताना, जिना चढताना, झोपेत पाहा. चौथे, डॉक्टरांना नम्रपणे पण न घाबरता विचारा, “हे मूळ आजाराचेच आहे, तर त्याने नेमके काय बिघडवले आहे? दुसरे काही असू शकेल का?” चांगल्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो, असा माझा अनुभव आहे.

शिक्षकबंधूंना एक वेगळी विनंती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. अशा मुलाला वर्गात पाणी पिऊ द्या, वारंवार लघवीला जाऊ द्या, थंडीत मैदानावर उभे करू नका. तो खोटे बोलतो आहे असे वाटले तरी आधी आईबापांना भेटा.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. या तपासणीसाठी लोकांना तयार करणे हे कार्यकर्त्याचे काम आहेच. पण तपासणीत जे मूल रुग्ण निघेल, त्याला नुसते कार्ड देऊन भागत नाही. पुढची कित्येक वर्षे त्याला ‘आज कसे आहे?’ असे विचारणारे आणि उत्तर ऐकून घेणारे माणूस हवे.

माझ्या भाच्याचे काय झाले, हे आपल्याला ऐकायचे असेल. हाडाचा माथा पूर्ण खचलेला नव्हता. कित्येक महिने कुबड्या, पायावर भार नाही, व्यायाम, औषधांच्या मात्रेत बदल, असे सारे झाले. शाळेचे एक वर्ष कठीण गेले. आज तो महाविद्यालयात शिकतो. किंचित लंगडतो. पंगतीला मांडी घालून बसता येत नाही, त्याला खुर्ची लागते. पुढे केव्हातरी सांधा बदलावा लागेल, असे डॉक्टर म्हणतात. सात महिने आधी कळले असते तर किती वाचले असते, असे मी त्यांना विचारले होते. ते म्हणाले, “काही सांगता येत नाही.” त्यांनी हे माझ्यावर दया म्हणून सांगितले की खरेच तसे आहे, हे मी पुन्हा विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी मी त्या फेब्रुवारीतल्या विनोदाबद्दल त्याची क्षमा मागितली. तो हसला. म्हणाला, “मामा, तुम्ही एकटे थोडेच होता? सगळेच म्हणत होते.” मग जरा थांबून म्हणाला, “पण तुम्ही पत्रकार आहात ना, तुम्ही विचाराल असं वाटलं होतं.”

यापुढे मला काही सांगायचे नाही.